चुकलेला साक्षीदार

निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना मी एका कागदावर सही केली. कागद निर्लेखनाचा होता. आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत साठलेली जुनी उपकरणे डेडस्टॉक रजिस्टरमधून कमी करायची होती आणि समितीच्या तीन सदस्यांत मी एक होतो. यादीत काचेच्या पेटीतले दोन तराजू होते, एक स्पेक्ट्रोमीटर होता, टँजंट गॅल्व्हनोमीटर होते, पारा उडून गेलेला बॅरोमीटर होता. बहुतेकांवर अंबाल्याच्या कारखान्यांची नावे होती, एकदोघांवर इंग्लंडची. 'वापरात नाही, दुरुस्ती परवडणारी नाही' असा शेरा प्रत्येकापुढे आधीच टाइप केलेला होता. शेरा खोटा नव्हता. मी सही केली.

दोन दिवसांनी टेम्पो आला. भंगारवाला आमच्याच मोहल्ल्यातला. त्याने तराजूच्या पेटीची काच काढून बाजूला ठेवली, लाकूड वेगळे केले आणि विचारले, "सर, पितल अलग करूँ क्या? उसका भाव जास्ती आता." मी मान हलवली. ज्या तराजूवर मुलामुलींच्या कितीतरी पिढ्या मिलिग्रॅमपर्यंत तोलायला शिकल्या, तो तराजू त्याने आपल्या काट्याला लटकावला आणि किलोत तोलला.

त्यात कुणाचे काही चुकले असे तेव्हा मला वाटले नाही. नियम पाळले गेले होते, आलेली रक्कम पावतीसह जमा झाली होती, रिकाम्या झालेल्या कपाटांत नवी डिजिटल उपकरणे आली होती. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मनातून जात नाही. ज्या वस्तूचे काम संपले, तिचे आपण काही देणे लागतो का? माणसाचे देणे असते हे कुणालाही कळते. म्हाताऱ्या जनावराला चारा घालावा, हेही आपल्याला घराघरांत शिकवलेले असते. पण पितळेच्या निर्जीव तुकड्याचे कसले आले आहे देणे?

या प्रश्नाला एक उत्तर आपल्या समाजात फार लवकर मिळते. ते म्हणजे अभिमानाचे. जुनी उपकरणे जपा, कारण ती आपल्या पूर्वजांनी केली. या उत्तराला आधार नाही असे नाही. मोगल काळात लाहोरला उस्ताद अल्लाहदाद यांच्या घराण्याने चार पिढ्या अस्तुरलाब घडवले. सूर्याची आणि ताऱ्यांची उंची मोजायचे, त्यावरून वेळ काढायचे हे पितळी यंत्र. नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशाही त्यावरून काढता येत असे. या घराण्यातल्या झियाउद्दीन मुहम्मद यांची कारागिरी आज ऑक्सफर्ड आणि शिकागोच्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेली आहे. त्यावर कारागिराचे नाव कोरलेले आहे, वडिलांचे आणि आजोबांचेही आहे. हे वाचून छाती फुगते. मग सभेत भाषण होते, टाळ्या पडतात आणि आपण घरी येऊन झोपतो. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी एखाद्या ताऱ्याची उंची मोजली? मीही टाळ्या वाजवल्या आहेत, म्हणून विचारतो. अभिमानासाठी जपलेली वस्तू शेवटी शोभेची होते आणि तिच्याकडून आपण काहीच शिकत नाही. मोजण्याची सवय गेली आणि मोजण्याचे यंत्र राहिले, तर त्या यंत्राचा उपयोग फक्त मिरवण्यापुरता उरतो.

दुसरे उत्तर मला अब्बांच्या आठवणीत सापडते.

अब्बा १९४५ साली हिंगोलीहून हैदराबादला शिकायला गेले. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यातला एक तालुका. छोट्या लाइनच्या गाडीने पूर्णा, तिथून पुढे सिकंदराबाद. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तेव्हा भौतिकशास्त्रसुद्धा उर्दूतून शिकवत. अब्बांच्या तोंडी बल नव्हते, कुव्वत होती; त्वरण नव्हते, इस्राअ होता. पुढे १९४८ साली राज्य गेले, शिकवण्याची भाषा बदलली आणि अब्बांच्या पदवीकडे लोक जुन्या नाण्याकडे पाहावे तसे पाहू लागले. ते हिंगोलीला परतले, मराठी लिहायला शिकले आणि शाळेत विज्ञान शिकवत राहिले. हैदराबादच्या आठवणींतली एक ते पुन्हा पुन्हा सांगत. एका रात्री त्यांच्या वर्गाला बेगमपेठेच्या वेधशाळेत नेले होते. "जुहल की बाली देखे थे हम," ते म्हणत. शनीची कडी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज बदलत असे.

ती निजामिया वेधशाळा. नवाब जफर जंग यांना आकाशाचा नाद होता. १९०१ साली त्यांनी ग्रब कंपनीची पंधरा इंची दुर्बीण मागवली आणि हैदराबादजवळ फिसलबंडा इथे आपल्या जागेत वेधशाळेची सुरुवात केली. त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली, पुढे ती बेगमपेठेला गेली आणि १९१९ पासून उस्मानिया विद्यापीठाकडे आली. नवाबाचा शौक विद्यापीठाची अमानत झाला.

या वेधशाळेने एक फार मोठे आणि फार कंटाळवाणे काम अंगावर घेतले. १८८७ साली पॅरिसला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले होते आणि साऱ्या आकाशाचे छायाचित्रण करून ताऱ्यांच्या जागा नोंदवायच्या असे त्यांनी ठरवले होते. आकाश निरनिराळ्या वेधशाळांत पट्ट्यापट्ट्यांनी वाटून दिले गेले. भारतातून त्यात एकटे हैदराबाद होते. दक्षिण आकाशातला सतरा ते तेवीस अंशांचा पट्टा त्याच्या वाट्याला आला. मूळ ज्यांच्याकडे हे काम होते त्यांच्याकडून ते झाले नव्हते. १९१४ पासून हैदराबादेत काचेच्या पट्ट्या उजेडात धरल्या जाऊ लागल्या. प्रत्येक पट्टीवर पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटी आखलेल्या असत आणि आकाशातली एक कला काचेवर एक मिलिमीटर भरत असे. मग दिवसा सूक्ष्मदर्शकाखाली त्या पट्टीवरच्या एकेका काळ्या ठिपक्याची आडवी आणि उभी जागा मोजायची, वहीत लिहायची, पुढच्या ठिपक्याकडे जायचे. असे लाखो ठिपके. १९१८ ते १९४४ पर्यंत टी. पी. भास्करन संचालक होते. त्यांच्या काळात दक्षिणेचा पट्टा पुरा झाला आणि उत्तर आकाशातला आणखी एक पट्टा त्यांनी अंगावर घेतला. मोजमापांचे बारा खंड छापून निघाले.

ते खंड ग्रंथालयांच्या फळ्यांवर जाऊन बसले. अनेक वेधशाळांची उत्तम वर्षे या प्रकल्पात वाया गेली, असे पुढच्या पिढीतले खगोलशास्त्रज्ञ उघड म्हणू लागले. विज्ञान दुसऱ्याच वाटेने गेले होते. लोकांना ताऱ्यांचा प्रकाश, त्यांची रचना, त्यांचे जन्ममरण यांत रस होता. कुठला ठिपका कुठे आहे याची बारा खंडांची यादी कुणाला हवी होती? बेगमपेठेभोवती शहर वाढले, दिवे वाढले आणि विद्यापीठाने १९६०च्या दशकात नवी मोठी दुर्बीण शहराबाहेर रंगापूरला उभारली. ज्या आवारात अब्बांनी शनी पाहिला, तिथे आज अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राची संशोधन संस्था आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९८९ साली युरोपने हिप्पार्कोस नावाचा उपग्रह सोडला. १९९३ पर्यंत त्याने ताऱ्यांच्या जागा इतक्या अचूक मोजल्या की तसे पूर्वी कधी झाले नव्हते. मात्र तारे स्थिर नसतात, ते फार हळू सरकत असतात. कोण किती सरकतो हे कळायला दोन नोंदी लागतात, एक आजची आणि एक खूप जुनी. जुनी नोंद जितकी आधीची, तितके सरकणे स्पष्ट दिसते. तेव्हा लोकांना त्या धूळ खात पडलेल्या खंडांची आठवण झाली. साऱ्या वेधशाळांचे ते जुने आकडे उपग्रहाच्या आकड्यांशी जुळवले गेले आणि २००० साली सुमारे पंचवीस लाख ताऱ्यांच्या गतींची टायको-२ ही सूची निघाली. हैदराबादच्या काचेवरचे ठिपके त्यात आहेत.

दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारे ते गणक हा दिवस पाहायला नव्हते. आपल्या कामाचा उपयोग होणार की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते. दोरीचे एक टोक त्यांनी धरून ठेवले आणि दुसरे टोक धरणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. म्हणून दुसरे उत्तर असे निघते, की जुने मोजमाप जपावे, कारण नव्या मोजमापाला त्याच्याशिवाय अर्थ येत नाही. एखादी गोष्ट आज उपयोगाची नाही हे आपण सांगू शकतो, पण ती कधीच उपयोगाची ठरणार नाही असे सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? माझ्या सहीच्या वरचा शेरा पहिल्या अर्थाने खरा होता. दुसऱ्या अर्थाने तो मी वाचलाच नाही.

तरीही हे उत्तर मला पुरत नाही. हैदराबादचे आकडे बरोबर होते म्हणून ते जपणे शहाणपणाचे ठरले. जे उपकरण चुकीचे बोलले, त्याचे काय?

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात जोसेफ वेबर नावाचे प्राध्यापक होते. दोन प्रचंड तारे एकमेकांवर आदळले तर अवकाशाला जी थरथर सुटते, ती पृथ्वीवर पकडता येईल असा त्यांचा ध्यास होता. त्यांनी ॲल्युमिनियमची भली मोठी, सुमारे दीड मीटर लांबीची नळकांडी टांगली आणि त्यांना नाजूक संवेदक चिकटवले. एक संच मेरीलँडला, दुसरा हजारभर किलोमीटरवर शिकागोजवळ. दोन्ही एकाच क्षणी थरारली तर कारण स्थानिक नाही. १९६९ साली त्यांनी जाहीर केले की अशा लहरी सापडल्या. जगात खळबळ उडाली. पाचसहा वर्षांत इतरांनी तशीच उपकरणे बांधली आणि कुणालाच काही सापडले नाही. एकदा तर दुसऱ्या प्रयोगशाळेच्या नोंदींशी वेबर यांनी एकाच क्षणीचे धक्के जुळवून दाखवले आणि नंतर उघड झाले की दोन्ही घड्याळांत चार तासांचे अंतर होते. माणूस प्रामाणिक होता, पण त्याला जे हवे होते तेच त्याला दिसत होते. २००० साली वारले तोपर्यंत त्यांनी आपला दावा सोडला नाही.

त्या नळकांड्यांचे काय करायला हवे होते? ॲल्युमिनियमलाही भाव असतो. पण त्यांतले एक आज हॅनफर्डच्या लायगो वेधशाळेत मांडून ठेवले आहे आणि २०१९ साली मेरीलँड विद्यापीठाने आपल्या आवारात एक छोटी बाग करून उरलेली नळकांडी तिथे ठेवली आहेत. ज्या उपकरणाने खोटी साक्ष दिली, त्याला त्याच्याच विद्यापीठाने बागेत जागा दिली.

हे वाचले तेव्हा मला आपल्या घरातली एक परंपरा आठवली. हदीसचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी कोणते वचन कुणाकडून कुणाकडे आले याची साखळी जपली, हे आपण जाणतो. पण त्यांनी आणखी एक काम केले, ज्याकडे आपले लक्ष कमी जाते. जे रावी कच्चे होते, ज्यांची स्मरणशक्ती दगा देत असे, जे म्हातारपणी गोंधळत, त्यांचीही नावे आणि त्यांच्या चुका त्यांनी लिहून ठेवल्या. दमास्कसचे इमाम झहबी १३४८ साली वारले. त्यांचा एक मोठा ग्रंथ मुख्यतः अशाच आक्षेप घेतलेल्या रावींचा कोश आहे आणि त्याच्या नावातला पहिला शब्द मीझान आहे. मीझान म्हणजे तराजू. कच्चा साक्षीदार खोडून टाकला तर त्याने कुठे कुठे घोटाळा केला हे पुढे शोधता येत नाही. त्याची साक्ष मानायची नाही, पण त्याचे नाव पुसायचेही नाही. खरे-खोटे निवडण्याची शिस्त यातून उभी राहते.

उपकरणालाही मी आता साक्षीदार समजतो. उलटतपासणीला साक्षीदार हजर लागतो. जुन्या आकड्यावर शंका आली, तर ज्या यंत्राने तो आकडा दिला ते हाताशी असले पाहिजे, म्हणजे त्याची भुजा वाकडी होती का, त्याचा काटा अडकत होता का, हे पाहता येते. यंत्र मोडीत काढले की आकडा अनाथ होतो. मग त्यावर विश्वास ठेवायचा किंवा ठेवायचा नाही एवढेच उरते, तपासता काहीच येत नाही. माझ्या मते जुन्या उपकरणाचे आपण जे देणे लागतो ते हेच. त्याने आपली चूक शोधण्याची सोय राखून ठेवलेली असते, ती सोय आपण पुढच्यांपासून हिरावून घेऊ नये.

हे सगळे हिंगोलीत बसून लिहायला एक खास कारण आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. वेबर यांना जी थरथर पकडता आली नाही, ती अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. तशाच यंत्राचा एक संच औंढ्याला बसायचा आहे. इंग्रजी एल अक्षराच्या आकारात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर आणि प्रोटॉनच्या रुंदीच्या हजारो पट लहान असा लांबीतला फरक ओळखायची क्षमता. केंद्र सरकारने २०१६ मध्ये याला तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

या यंत्राच्या भव्यतेपेक्षा त्याच्या माणसांची एक पद्धत मला मोठी वाटते. सप्टेंबर २०१० मध्ये त्या अमेरिकन यंत्रांत एक सुंदर संकेत उमटला. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने त्याची छाननी केली, शोधनिबंधसुद्धा लिहून तयार केला. मार्च २०११ मध्ये सगळे जमले आणि एक लिफाफा उघडला गेला. संकेत नकली होता. त्यांच्यातल्याच काही मोजक्या लोकांनी, आधी ठरल्याप्रमाणे, गुपचूप तो यंत्रात घातला होता, आपण खरे ओळखतो का आणि फसतो कुठे हे तपासण्यासाठी. असा लिफाफा कधीही निघू शकतो हे प्रत्येकाला माहीत होते आणि सर्वांनी ते कबूल केले होते. वेबर यांचे नळकांडे ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांनाच अशी खबरदारी सुचते. त्या चुकीची लाज बाळगून तिला दडवले असते, तर हा लिफाफा कुणाला सुचला असता?

आमच्याकडे लोक विचारतात, "औंढ्याला त्या लेसरनं आमच्या सोयाबीनला भाव येणार आहे का?" या प्रश्नाला हसू नये. हिंगोली हा मागास म्हणून मोजला जाणारा जिल्हा आहे. जफर जंगांच्या दुर्बिणीलाही हा प्रश्न लागू होता. बेगमपेठेत तारे मोजले जात होते तेव्हा मराठवाड्याच्या बहुतेक खेड्यांत शाळा नव्हती. मी या प्रश्नातून सुटायला पळवाट शोधत नाही. माझे म्हणणे एवढेच, की मोजणे थांबवल्याने भूक कमी होत नाही. उलट ज्या समाजाला प्रामाणिक मोजमाप येत नाही, त्याच्या मालाचे माप दुसरा कुणीतरी करतो आणि काट्यात किती मारले हे त्याला कळतही नाही. खरा अन्याय तेव्हा होईल, जेव्हा आपल्या दारात जगातले सर्वांत अचूक यंत्र असेल आणि आपल्या पोरांना साधा तराजू हाताळता येत नसेल.

अब्बा तराजू शिकवत तेव्हा तीन गोष्टींवर अडून बसत. वजनांना बोट लावायचे नाही, चिमट्यानेच उचलायची, कारण बोटाच्या घामालाही वजन असते. काटा वाचताना पेटीचे दार बंद, कारण आपला श्वासही पारडे हलवतो. आणि एकदा तोलून झाले की वस्तू या पारड्यातून त्या पारड्यात घालून पुन्हा तोलायचे. दोन्ही वेळचे आकडे वेगळे आले, तर तराजूच्या भुजा सारख्या नाहीत हे समजते आणि सरासरी घेतली की ती चूक निघून जाते. "पहले तराजू को तोलो, फिर चीज़ को," असे ते म्हणत. औंढ्याच्या यंत्राची आणि लिफाफ्याची गोष्ट त्यांना ऐकवता आली असती, तर त्यांनी ती एका क्षणात ओळखली असती.

भंगारात गेलेल्या त्या दोन तराजूंपैकी एकाची डावी भुजा किंचित जड होती. ते मला माहीत होते. तीस वर्षे मी मुलांना तोंडी सांगत आलो, "त्या तराजूवर पारडी बदलून पाहा." रजिस्टरमध्ये ते कधीच लिहिले नाही. त्या तराजूवर केलेल्या कितीतरी नोंदी आजही जुन्या जर्नलांत असतील आणि त्यांच्या चुकीचा पत्ता फक्त माझ्या डोक्यात आहे. मी सही केली त्या दिवशी पितळाबरोबर ही साक्षही भंगारात गेली.

वजनांची एक पेटी मात्र यादीतून सुटली होती. मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजने आणि हस्तिदंती टोकाचा चिमटा. निवृत्तीच्या दिवशी माझ्या सामानात ती कशी आली हे मी नीट सांगू शकत नाही, म्हणजे सांगायला लाजतो. ती महाविद्यालयाची आहे. येत्या आठवड्यात मी ती परत नेऊन देणार आहे. पेटीत एक कागदही घालणार आहे. दोन तराजू कोणते होते, कधी गेले, कोणाच्या सहीने गेले आणि त्यांतल्या एकाची डावी भुजा जड होती, एवढे त्यावर लिहिले आहे. खाली सही माझीच.